कालवांची मरी आणि प्रतिकाराचें बीज

रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं ओणवून खडकावरचीं कालवें फोडणाऱ्या बायका ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांना हा प्राणी किती असहाय आहे हें वेगळें सांगावयास नको. जन्मल्यावर दोनतीन आठवडे तो पाण्यांत तरंगतो. पण एकदां एखाद्या खडकाला चिकटला कीं जन्मभर तेथून हलत नाहीं. शत्रु आला तरी पळणें नाहीं, रोग आला तरी गांव सोडणें नाहीं. शिवाय मनुष्याच्या किंवा गुराच्या रक्तांत एकदां येऊन गेलेल्या रोगाची ओळख राखणारी जी प्रतिपिंडांची व्यवस्था असते, ती कालवाला निसर्गानें दिलेलीच नाहीं. त्यामुळें देवीसाठीं जशी लस टोंचतां आली तशी कालवाला टोंचतां येत नाहीं. आणि वाहत्या समुद्रांत औषध ओतावयाचें म्हटलें तर तें किती ओतणार? अशा प्राण्याची जे लोक शेती करतात त्यांच्या हातीं खरा उपाय एकच उरतो. मरींतून जीं कालवें आपल्या अंगच्या गुणानें वांचतात त्यांचीच संतति वाढवावयाची. उपाय सांगावयास सोपा आहे. परंतु तो सांपडावयास, सिद्ध व्हावयास आणि लोकांना पटावयास जवळजवळ एक शतक लागलें.

या हकीकतीचा आरंभ कानडाच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रिन्स एडवर्ड बेटावर होतो. तेथील मालपेक उपसागराचीं कालवें प्रसिद्ध होतीं. धंदा वाढवावा या हेतूनें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाहेरच्या किनाऱ्यांवरून कालवें आणून तेथें सोडण्यांत आलीं, आणि १९१५ सालीं मालपेकचीं कालवें मरूं लागलीं. थोड्याच वर्षांत उपसागर जवळजवळ ओसाड झाला. पुढील वीस वर्षांत ही मरी एकामागून एक खाडी घेत सर्व बेटाभोवतीं फिरली. परंतु जेथें ती प्रथम आली तेथेंच एक चमत्कारिक गोष्ट दिसूं लागली. मालपेकमध्यें जीं मूठभर कालवें शिल्लक राहिलीं होतीं त्यांची प्रजा वाढूं लागली, आणि ती त्याच पाण्यांत, त्याच रोगांत, मरेनाशी झाली. बाहेरचें कालव तेथें आणून टाकलें तर मात्र तें मरे. नीडलर व लोगी या दोन शास्त्रज्ञांनीं १९४७ सालीं या रोगाचें सांसर्गिक स्वरूप प्रयोगानें दाखवून दिलें. रोगाचा जंतु कांहीं त्यांच्या हातीं लागला नाहीं. पण जंतु न सांपडतांहि प्रतिकार ओळखतां येतो व त्याचा उपयोगहि करतां येतो, हें या बेटानें शिकविलें. १९५५ च्या सुमारास तीच मरी समोरच्या मुख्य भूमीवर पोंचली तेव्हां तेथील ओसाड खाड्यांत बेटावरचीं रोगाला पुरून उरलेलीं कालवें नेऊन सोडण्यांत आलीं व त्यांच्यापासून पुन्हा वसाहत उभी राहिली. चाळीस वर्षांपूर्वीं मेलेल्या कालवांनीं दिलेली किंमत शेजाऱ्यांच्या कामीं आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मालपेकमध्यें निवड केली ती निसर्गानें. मनुष्यानें ती जाणूनबुजून कशी केली हें पाहावयाचें तर फ्रान्सकडे वळलें पाहिजे. कालवांची शेती आणि कालवांची मरी या दोहोंचा इतका सलग इतिहास दुसऱ्या कोणत्याहि देशाजवळ नसेल. तेथील मूळचें कालव चपटें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोकांनीं तें खरवडून खरवडून इतकें संपविलें कीं तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटींत व्हिक्टर कोस्त या प्राध्यापकाला कालवें पेरण्याची विद्या नव्यानें शिकवावी लागली. तेवढ्यांत एक अपघात घडला. १८६८ सालीं पोर्तुगालहून कालवें घेऊन निघालेलें ‘मोर्लेझियें’ नांवाचें जहाज वादळामुळें जिराँद नदीच्या मुखांत अडकून पडलें. माल कुजला असें समजून कप्तानानें तो पाण्यांत फेंकून दिला. त्यांतलीं बरींच कालवें जिवंत होतीं. त्यांनीं तेथें इतकी प्रजा केली कीं, १९२० च्या सुमारास चपट्या कालवांवर मोठी मरी आली तेव्हां हें ‘पोर्तुगीज’ कालवच फ्रेंच शेतकऱ्यांचा आधार झालें.

या कालवाचें कूळ मात्र पोर्तुगालचें नव्हे. १९९८ सालीं त्याच्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा झाली तेव्हां त्याचे सगेसोयरे तैवानकडे निघाले. पूर्वेकडून लिस्बनला जाणाऱ्या पोर्तुगीज जहाजांबरोबर तें कधीं तरी आलें असावें असा तर्क आहे. आणि त्या जलमार्गावर गोवा हें मोठें ठाणें होतें हें मराठी श्रोत्यांस ठाऊकच आहे.

शंभर वर्षें या उपऱ्या कालवानें फ्रान्सला पोसलें. मग १९६६-६७ सालीं मारेन-ओलेरों व आर्काशों येथें त्याचे कल्ले झडूं लागले. १९७० ते १९७३ या अवधींत तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरून तें जवळजवळ नाहींसें झालें. मेलेल्या कालवांच्या पेशींत विषाणु आढळले. कवचाच्या प्राण्यांची विषाणूनें केलेली ही पहिली मोठी लूट म्हणतां येईल. शेतकऱ्यांपुढें उपाशी मरण्याचा प्रसंग होता. तेव्हां जें केलें गेलें तें आजच्या दृष्टीनें धाडसच होय. ब्रिटिश कोलंबियांतून ५६२ टन पूर्ण वाढलेलीं जपानी जातीचीं कालवें विमानानें आणून फ्रान्सच्या पाण्यांत प्रजेसाठीं सोडण्यांत आलीं, आणि प्रत्यक्ष जपानांतून, मुख्यतः सेंदाईच्या बाजूनें, अब्जावधि पिलें मागविण्यांत आलीं. जपानी कालव पोर्तुगीज कालवाचें इतकें निकटचें आप्त कीं दोघांचा संकरहि होतो; तरी तो रोग याला बाधेना. एका जातीची असहायता दुसऱ्या जातीच्या प्रतिकारानें झांकली गेली. धंदा सांवरला, किंबहुना पूर्वीपेक्षां वाढला. जपानचा हा उपकार फ्रेंच लोक विसरले नाहींत. २०११ सालीं त्सुनामीनें मियागी प्रांतांतील कालवांचीं शेतें धुऊन नेलीं तेव्हां फ्रेंच शेतकऱ्यांनीं दोर, तरंगे व अवजारें तिकडे पाठविलीं, आणि त्या मोहिमेला परतफेड या अर्थाचा जपानी शब्द दिला.

परंतु जात बदलून रोग टाळण्याचा डाव एकदांच खेळतां येतो. जपानी कालवानंतर आणावयाचें कोणतें? त्यामुळें १९९१ च्या उन्हाळ्यांत फ्रान्स व न्यूझीलंड या पृथ्वीच्या दोन टोंकांच्या देशांतील बीजगृहांमध्यें जपानी कालवांचे पोहणारे डिंभ पटापट मरूं लागले, तेव्हां जाणत्यांच्या काळजाचा ठोका चुकला. त्या डिंभांत हर्पीस वर्गाच्या विषाणूसारखे कण दिसले. असे कण कालवांत १९७२ सालीं अमेरिकेंत फार्ले प्रभृतींनीं प्रथम पाहिले होते. पण तेव्हां त्यांकडे एक नवलाची गोष्ट म्हणूनच पाहिलें गेलें. आतां त्यांचा पाठलाग सुरू झाला. ला त्रांब्लाद येथील इफ्रेमेर या समुद्रसंशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेंत त्रिस्तां रनो व त्यांचे सहकारी यांनीं तो विषाणु शुद्ध करून घेतला, आणि २००५ सालीं अँड्र्यू डेव्हिसन यांच्याबरोबर त्याची सर्व आनुवंशिक लिपि वाचून काढण्यांत आली. सुमारें २ लक्ष ७ हजार अक्षरांची ही लिपि. मनुष्याच्या ओंठावर फोड आणणाऱ्या हर्पीसशीं तिचा संबंध फारच दूरचा निघाला. कालवें खाणारांनीं भिण्याचें कारण नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे यावयाचें. जपानी कालवांचीं पिलें उन्हाळ्यांत अधूनमधून मरत, ही तक्रार फ्रान्समध्यें जुनीच होती. कोणी म्हणे पाणी तापतें म्हणून मरतात. कोणी म्हणे प्रजननानें थकतात. कोणी बॅक्टेरियांना दोष देई, कोणी विषाणूला, कोणी शेतांतून वाहून येणाऱ्या औषधांना. या वादाचा निकाल लावण्यासाठीं २००१ ते २००५ या काळांत ‘मोरेस्त’ नांवाची मोठी संशोधन-योजना इफ्रेमेरनें चालविली. अनेक शाखांचे शास्त्रज्ञ तींत होते. आनुवंशिकतेची बाजू ज्यांनीं उचलली त्यांत लिओनेल देग्रेमाँ हे त्या वेळीं पदव्युत्तर विद्यार्थी होते व काँ विद्यापीठासाठीं डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होते.

त्यांचा प्रश्न साधा होता. उन्हाळ्यांतलें मरणें ही निवळ दैवाची गोष्ट आहे, कीं तें रक्तांतून येतें? त्याचें उत्तर मिळविण्याची रीत गाईबैलांची पैदास करणाराला अपरिचित नाहीं. एका नराचें बीज अनेक माद्यांच्या अंड्यांशीं जोडावयाचें, दुसऱ्या नराचें आणखी कांहीं माद्यांशीं. अशीं अनेक कुलें वेगवेगळीं वाढवावयाचीं आणि मग सर्वांना एकाच संकटांत लोटावयाचें. सख्खीं भावंडें सारखींच मरतात कीं काय, सावत्र भावंडांत साम्य किती, यावरून गुण किती आनुवंशिक हें गणितानें काढतां येतें. गाईंच्या बाबतींत याला वर्षें लागतात. कालवाची एक मादी एका वेळीं लाखों अंडीं देते, ही येथें सोय. पण अडचणहि त्याच प्रमाणांत. प्रत्येक कूळ निराळ्या टांकींत, निराळ्या पाण्यांत, एकमेकांत थेंबहि न मिसळतां वाढवावें लागतें. खावयाला सूक्ष्म शेवाळ तेंहि प्रयोगशाळेंतच पिकवावें लागतें. आणि पिलें नखाएवढीं झालीं कीं जाळीच्या पिशव्यांत भरून भरती-ओहोटीचीं वेळापत्रकें सांभाळीत समुद्रांतल्या मांडवांवर न्यावीं लागतात. त्यानंतर ओल्या चिखलांत उभें राहून जिवंत किती, मेलेलीं किती, हें मोजीत बसावयाचें. संशोधन या भारदस्त शब्दाच्या पोटांत अशी मोजदादच पुष्कळ असते.

२००१ सालीं पहिलीं कुलें तीन ठिकाणीं ठेवण्यांत आलीं: मारेन-ओलेरोंजवळ रोंस येथें, ब्रिटनींतील ओरे नदींत, आणि उत्तरेकडे नॉर्मंडींतील वेय उपसागरांत. तिन्ही ठिकाणचें पाणी, उष्णता, गाळ भिन्न. उन्हाळा संपल्यावर जें दिसलें तें अपेक्षेपलीकडचें होतें. कांहीं कुलें जवळजवळ साफ झालीं होतीं, कांहींना धक्काहि लागला नव्हता. आणि जें कूळ एका ठिकाणीं टिकलें तें बहुधा इतर ठिकाणींहि टिकलें होतें. जगण्यासारख्या गुणांत आनुवंशिकतेचा वांटा सामान्यतः लहान असतो, असा शास्त्रज्ञांचा अनुभव. येथें तो विलक्षण मोठा निघाला. पुढच्या पिढ्यांत टिकणाऱ्या कुलांपासून टिकणारा वंश व मरणाऱ्या कुलांपासून मरणारा वंश, असे दोन वंश मुद्दाम वेगळे करून पाहिले. दोघांतील अंतर एका पिढींतच डोळ्यांत भरण्याइतकें पडलें.

मरणारा वंश राखण्याचें कारण काय, असें एखाद्या गृहस्थाला वाटेल. परंतु तुलनेवांचून ज्ञान नाहीं. टिकणारा खरोखर टिकतो हें कळावयाला मरणारा शेजारीं असावा लागतो. या अभागी वंशानें पुढें फार मोठी सेवा केली.

प्रबंध २००३ सालीं सादर झाला. योजनेचा एकंदर निष्कर्ष असा कीं उन्हाळी मरण हें अनेक कारणांच्या गुंत्यांतून येतें, आणि विषाणु हें त्यांतलें एक कारण. हा निष्कर्ष त्या वेळच्या पुराव्याला धरूनच होता. पण व्यवहारांत त्याचा परिणाम असा झाला कीं निवडीच्या कामाला कोणी फारशी घाई केली नाहीं. शेतकऱ्यांपैकीं बहुतेक जण आर्काशों व मारेन येथें समुद्रांत कौलें, नळ्या टांगून फुकट मिळणारें नैसर्गिक बीज वापरीत. बीजगृहाचें बीज विकत घ्यावें, त्यांतहि निवडलेलें घ्यावें, ही कल्पना त्यांना रुचणारी नव्हती. समुद्र देतो तें सर्वांचें, बीजगृह देईल तें त्याचें, ही त्यांची भीति अगदींच खोटी नव्हती. थोडींबहुत पिलें दरसाल मरत, तीं मरोत. ते दोन वंश मात्र राखून ठेवण्यांत आले.

२००८ सालचा उन्हाळा आला. मे-जूनमध्यें पाणी १६ अंश सेंटिग्रेडच्या वर जातांच दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत एकामागून एक उपसागरांतून सारखीच वार्ता येऊं लागली. पिशवी उचलावी तर ती हलकी लागे, आणि उघडावी तर आंत तोंडें वासलेलीं रिकामीं शिंपलीं. पहिल्या वर्षाचीं पिलें शंभरांतलीं ऐंशी, कोठें नव्वद, कोठें जवळजवळ सर्व, आणि तीं देखील आठवड्याभरांत. पुढील वर्षीं तेंच, त्याच्या पुढील वर्षींहि तेंच. तपासांत जुन्याच विषाणूचा एक नवा, अधिक घातक प्रकार सांपडला. २०१० सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. कालव बाजारांत जाण्याजोगें व्हावयाला सुमारें तीन वर्षें लागतात. म्हणून २००८ चें नुकसान ताटांत दिसलें तें २०१०-११ च्या नाताळांत. फ्रेंच कुटुंबांत नाताळ व नववर्षाच्या मेजवान्यांत कालव नाहीं म्हणजे आपल्याकडे दिवाळींत करंजी नसण्यासारखें. वर्षाच्या विक्रीचा मोठा हिस्सा त्याच दोन आठवड्यांत होतो. वडिलोपार्जित मांडव असलेल्या कित्येक कुटुंबांना त्या वर्षांत धंदा सोडावा लागला.

आतां त्या दोन वंशांची आठवण झाली. आठ वर्षांपूर्वीं ज्यांची निवड ‘उन्हाळी मरणाला टिकणारे’ एवढ्याच खुणेवर झाली होती, त्यांच्या वंशजांना या नव्या विषाणूच्या तोंडीं देण्यांत आलें. मरणारा वंश मेला. निवड न केलेलीं कालवेंहि मोठ्या संख्येनें मेलीं. टिकणारा वंश टिकला. आणि परीक्षेंत त्याच्या अंगांत विषाणूचें प्रमाणहि फारच थोडें आढळलें. देग्रेमाँ यांनीं २०११ सालीं हा पुरावा प्रसिद्ध केला. त्याचा अर्थ दुहेरी होता. एक तर विद्यार्थिदशेंत निवडलेला गुण वस्तुतः बव्हंशीं विषाणूविरुद्धचाच प्रतिकार होता, निवडणारांना त्याचें खरें नांव तेवढें ठाऊक नव्हतें. दुसरें असें कीं जुन्या विषाणूविरुद्ध मिळविलेली शक्ति नव्या, अधिक उग्र प्रकारालाहि पुरली. मालपेकच्या अनुभवाची ही प्रयोगशाळेंतली आवृत्ति होय.

तेव्हां ओघानें प्रश्न येतो कीं, २००३ सालींच हें बीज वाढवून ठेवलें असतें तर? असा दोष मागाहून देणें सोपें असतें. २००८ पूर्वीं या कामावर कोणीं पैसा घालावयाचा, शेतकऱ्यानें कीं सरकारनें, याचें उत्तर कोणाजवळच नव्हतें, आणि मरी नसतांना प्रतिकार विकत घेणारा मनुष्य विरळा. एवढें मात्र खरें कीं, विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठीं राखलेलीं कांहीं पिशव्या कालवें शिल्लक नसतीं तर पुढल्या कामाला कित्येक वर्षें उशीर झाला असता.

कुलें वेगवेगळीं वाढविण्याची रीत खर्चाची. म्हणून त्याच प्रयोगशाळेनें दुसरी, शेतकऱ्याला झेंपणारी रीतहि करून पाहिली. हजारों पिलें रोगाच्या मोसमांत समुद्रांत सोडावयाचीं, वांचतील त्यांना मोठें करावयाचें, त्यांचीं पिलें पुन्हा समुद्रांत सोडावयाचीं. चार पिढ्यांनंतर, २०१५ सालीं, या कामाचा निकाल प्रसिद्ध झाला. निवडलेल्या गटांचें वांचण्याचें प्रमाण निवड न केलेल्यांपेक्षां पुष्कळच वाढलें होतें. खाजगी बीजगृहांनींहि आपापले टिकाऊ वंश तयार केले. नैसर्गिक बीजावर अवलंबून राहणाऱ्या शेतकऱ्यांनीं तोंवर निराळीच युक्ति काढली होती. मरावयाचीं तितकीं मरोत, म्हणून ते पूर्वीच्या कित्येक पट बीज धरूं लागले. ही उधळी वाटेल. पण अजाणतां तीहि निवडच होती, कारण वांचलेलीं कालवें त्याच पाण्यांत प्रजा करीत होतीं.

विषाणु फ्रान्सपुरता राहिला नाहीं. २०१० सालीं तो न्यूझीलंडमध्यें व ऑस्ट्रेलियांत सिडनीजवळच्या जॉर्जेस नदींत दिसला. २०१३ च्या जानेवारींत तो हॉक्सबरी नदींत शिरला आणि थोड्या दिवसांत तेथील लक्षावधि कालवें गेलीं. हॉक्सबरीची कथा विशेष करुण आहे. तेथले शेतकरी पूर्वीं सिडनीचें देशी खडकी कालव पिकवीत. २००४ च्या सुमारास एका परजीवी जंतूनें तें खाल्लें, म्हणून ते जपानी कालवाकडे वळले होते. टास्मानियाच्या लोकांनीं मात्र या उदाहरणांवरून शहाणपण घेतलें. रोग आपल्या बेटावर येण्यापूर्वींच त्यांनीं आपल्या कालवांचीं कुलें परीक्षेसाठीं रोगग्रस्त जॉर्जेस नदींत पाठविण्यास आरंभ केला. २०१६ च्या जानेवारींत विषाणु टास्मानियांत पोंचला तेव्हां हानि झालीच, साऱ्या दक्षिण ऑस्ट्रेलियाला होणारा बीजाचा पुरवठाहि बंद पडला. पण कोणत्या कुलांवर भिस्त ठेवावयाची हें त्यांना ठाऊक होतें, आणि तेथील धंदा त्यावरच पुन्हा उभा राहिला.

हा प्रतिकार म्हणजे प्रत्यक्षांत आहे तरी काय? २०१८ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञांच्या एका गटानें टिकणारीं व मरणारीं कुलें शेजारीं शेजारीं ठेवून रोगाचा तासातासानें मागोवा घेतला. असें दिसलें कीं विषाणु प्रथम कालवाच्या रक्तांतील रक्षक पेशींत शिरतो व त्यांचें बळ हिरावतो. पहारेकरी निकामी झाले कीं अंगावर एरव्हीं निरुपद्रवीपणें राहणारे बॅक्टेरिया आंत घुसतात आणि शेवटचा घाव ते घालतात. म्हणजे ‘मोरेस्त’च्या काळीं विषाणूकडे बोट दाखविणारे आणि बॅक्टेरियांकडे बोट दाखविणारे, दोघेहि अर्धे बरोबर होते. टिकणाऱ्या कुलांत विषाणूविरुद्धचीं जनुकें आरंभींच्या कांहीं तासांतच जागीं होतात व विषाणूला वाढूंच देत नाहींत. मरणाऱ्या कुलांतहि तीं जागीं होतात, परंतु उशिरा. फरक शस्त्रांचा तितका नाहीं, जितका जाग येण्याच्या वेळेचा आहे. कालवाला लस नाहीं असें आरंभीं म्हटलें, त्यालाहि एक पुरवणी जोडली पाहिजे. २०१७ सालीं असें दिसून आलें कीं विषाणूच्या द्रव्याची नक्कल करणारें एक कृत्रिम रसायन टोंचलें तर कालवाचे पहारेकरी कित्येक महिने सावध राहतात. प्रतिपिंडांशिवायहि कांहीं एक स्मृति असूं शकते, हें त्यावरून सिद्ध झालें. अर्थात् कोट्यवधि पिलांना एकेक सुई टोंचीत बसणें कोणाला परवडणार?

कोळंबीची शेती करणारांचा अनुभव याहून वेगळा आहे, आणि तो हिंदुस्थानच्या किनाऱ्याला जवळचा आहे. इक्वेडोरमध्यें तौरा नदीच्या परिसरांत १९९२ सालीं जो विषाणु दिसला त्याच्याविरुद्ध कोळंबीचे टिकाऊ वंश थोड्याच पिढ्यांत तयार करतां आले. उलट, १९९४ च्या सुमारास भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील तळीं ज्यानें रिकामीं केलीं त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाविरुद्ध निवडीला तितकें यश आलें नाहीं. म्हणून २००९ पासून भारतांत पॅसिफिक महासागरांतील पांढऱ्या पायांच्या कोळंबीचें रोगमुक्त बीज आणण्यास परवानगी देण्यांत आली. येथें शब्द नीट ध्यानांत घ्यावा. रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. रोगमुक्त कोळंबीच्या अंगांत विषाणु नसतो इतकेंच. दूषित तळ्यांत सोडली तर तीहि मरते.

आणि फ्रान्सच्या टिकाऊ कालवांचें तरी सर्व सुरळीत चाललें आहे असें नाहीं. २०१२ पासून तेथें वाढलेलीं, विक्रीच्या उंबरठ्यावर आलेलीं कालवें दुसऱ्याच एका बॅक्टेरियानें मरूं लागलीं. पिलूं मेलें तर शेतकऱ्याचें बीज जातें. हें कालव मेलें तर तीन वर्षांचे श्रम जातात. विषाणूला टिकणारीं कुलें या बॅक्टेरियालाहि टिकतात कीं काय हें पाहिलें गेलें, तेव्हां दोन गुणांचा परस्परांशीं संबंध आढळला नाहीं. एकाची निवड केली म्हणून दुसरा पदरीं पडत नाहीं. दोहोंसाठीं निराळी निवड करावी लागते, आणि एकाच कुलांत दोन्ही गुण आणावयाचे तर कुलांची संख्या वाढवावी लागते.

इकडे समुद्रांतील अनाथ कालवांनीं आपली वाट आपणच धरली आहे. ब्रेस्टच्या उपसागरांत शेतीच्या भागांत वाढलेलीं रानटी कालवें व शेतीपासून दूर वाढलेलीं रानटी कालवें यांची तुलना करणारें संशोधन २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. जीं शेतीच्या शेजारीं, म्हणजे रोगाच्या दाढेंत वाढलीं होतीं, त्यांच्यांत बदल घडून आलेला दिसला. आणि तो केवळ जनुकांच्या अक्षरांत नसून जनुकें केव्हां चालूं व्हावीं व केव्हां बंद राहावीं हें ठरविणाऱ्या रासायनिक खुणांत अधिक प्रमाणांत होता. त्या खुणांपैकीं किती पुढच्या पिढीकडे जातात व किती पुसल्या जातात हें कळण्यासाठीं पुन्हा कुलेंच वाढवावीं लागतात, आणि पिशव्या उघडून जिवंत किती, मेलेलीं किती, हें मोजावें लागतें.